देवजीदादाची गोठण

देवजीदादा, तुझ्या दिवसकार्याला तो वापीच्या क्लबाचा माणूस आला होता. पांढरा शर्ट, गॉगल कपाळावर चढवलेला, हातात केळ्यांची फणी. मांडवात सगळे माना खाली घालून बसले होते आणि मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. हा इथे कशाला? याला तुझा पाडा कोणी दाखवला? त्याने तुझ्या फोटोला हात जोडले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "अब टीम कौन संभालेगा?" जेवणाची पानंही मांडली नव्हती रे अजून. मी उठले, त्याच्या समोर जाऊन बसले आणि तो गाडीत बसेपर्यंत जागची हलले नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "हेमाबाय, माझ्या मयतालाबी तू हजेरी घेशील." घेतली मी. कोण आलं, कोण आलं नाही, कोण रडताना फोन बघत होतं, सगळं माझ्या लक्षात आहे. मी तारापूरच्या कारखान्यात आलेला माल तपासते. पिंपावर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, झाकण उघडून बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्याआधी आईने शिकवलं होतं. चिंचणीच्या बाजारात मासा घेताना ती विकणारीच्या तोंडाकडे बघायची नाही, सरळ कल्ला उघडायची. तू मला त्यावरून चिडवायचास. म्हणायचास, ही बाय माणसाचाही कल्ला उघडून बघते.

तुझा मात्र मला कधी नीट उघडता आला नाही. त्याचाच राग आहे, आणि तो तू गेलास म्हणून कमी झालेला नाही.

आपला फुटबॉल क्लब म्हणजे काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला लागलं की माझी पंचाईत होते. किनाऱ्यावरची काही पोरं, डोंगरातली काही पोरं. तू कासा ते पाडे अशी जीप चालवणारा कोच, आणि मी सेक्रेटरी, कारण लीगचे कागद भरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. माझा भाऊ खेळायचा म्हणून मी डबा घेऊन आले होते आणि तू पहिल्याच दिवशी मला शिट्टी दिलीस. "वाजव. तुझा आवाज पोरां ऐकतात," म्हणालास. सुरुवातीला डोंगरातली पोरं किनाऱ्यावरच्यांच्या शेजारी बसत नसत, सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून. तू एक दिवस जीपमध्ये बोंबलाची अख्खी गोण आणलीस आणि सरावानंतर सगळ्यांना तांदळाच्या भाकरीबरोबर भाजून खायला घातलेस. त्यानंतर जीपचा वास काही गेला नाही आणि कोणी तक्रारही केली नाही. या गोष्टीचे आभार मानायचे राहिले. आता मानते.

डहाणूतलं आपलं जुनं मैदान गेलं तेव्हा पहिला संशय मी घेतला होता, हे तरी कबूल कर. बंद पडलेल्या गवताच्या वखारीमागचं ते आवार. मालकाचा मुलगा एकाएकी येऊन पोरांना सरबत पाजायला लागला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे सरबत महागात पडणार. तू म्हणालास, पोरगा चांगला आहे. पुढच्या रविवारी फाटकाला नवं कुलूप होतं आणि आतले आपले गोलपोस्ट आडवे करून भिंतीला लावलेले. ते तू जीपच्या टपावर बांधून आणलेस.

मग सुरू झाली ती शोधाशोध. लीगचा नियम साधा होता. प्रत्येक संघाचं स्वतःचं मैदान पाहिजे, दुसरे संघ तिथे येऊन खेळले पाहिजेत. नाही तर नाव कमी. आपण दोन मोसम पाहुण्यासारखे फिरलो, सगळे सामने दुसऱ्यांच्या दारात. लीगने यंदा शेवटची सवलत दिली होती. नाव कमी झालं असतं तर किनाऱ्यावरची पोरं होड्यांवर आणि कंपन्यांत पांगली असती, डोंगरातली बागांवर नाही तर गुजरातेत. परत एका मैदानावर ती कधी आली नसती, हे तुला कळत होतं आणि मलाही.

चिंचणीच्या किनाऱ्याची पट्टी माझ्याच चुलतभावाने देऊ केली. तू पावलं टाकत लांबी मोजलीस आणि पोरासारखा हसलास. मी म्हटलं, पुनवेपर्यंत थांब. तू डोंगरातला, तुला वाटलं समुद्र आपल्या जागेवर राहतो. पुनवेच्या उधाणाला पाणी मधल्या रेषेपर्यंत आलं. वर चुलतभावाने तिथे भेळेची गाडी लावायचं ठरवलं होतं, हेही बाहेर पडलं. नंतर चारोटीचा तो हॉटेलवाला, मागचा अख्खा प्लॉट फुकट देणारा. तू त्याच्या पाया पडायच्या बेतात होतास. मी समोरच्या पानवाल्याकडे दोन पानं खाल्ली आणि सगळं समजलं. प्लॉटवर त्याचं भावाशी भांडण होतं. पोरं रोज तिथे नाचली की भावाला नांगर घालता येणार नाही, असा हिशोब. आपण खेळाडू नव्हतो, त्याचं कुंपण होतो.

त्यामुळे तू एका संध्याकाळी, "बाय, जागा मिळाली, फुकट," असा फोन केलास तेव्हा मी काय म्हणावं असं तुला वाटत होतं?

कासाच्या पुढे, तुझ्या मामाच्या पाड्याची गोठण. गावची ढोरं सकाळी जिथे गोळा होतात आणि मग राखणीवाला त्यांना डोंगरावर नेतो, ती जागा. दोन जांभळांच्या पलीकडे सपाट माळ, जमीन घट्ट, गवत बोटभर आणि सगळीकडे सारखं. इतकं नीट मैदान मी तालुक्याच्या स्पर्धेतही पाहिलं नव्हतं.

"गवत कोण कापतं?" मी विचारलं.

"ढोरां."

"आणि शेण?"

"सुकलं का पोरां उचलतील. घरात देऊ, बाया गोवऱ्या थापतील."

"आणि मामाला काय पाहिजे?"

"कय नाय."

तुझं ते 'कय नाय' मला कधीच पटलं नाही. मामाचा पाडा, मामाच गावचा जाणता, आणि भाच्याला जागा फुकट. जान्यामामा जांभळाखाली उकिडवा बसून आपल्याकडे बघत होता. मी त्याला विचारलं, कागद करून द्याल का, निदान मोसमापुरता? तो तुझ्याकडे वळून तुमच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि तू हसलास. काय म्हणाला ते तू मला आजवर सांगितलेलं नाहीस. लीगसाठी तारेचं कुंपण घालू म्हटलं तर तू पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलास. "कुंपण घातलं तर ढोरां येणार नाय. ढोरां आली नाय तर गवत छातीएवढं. मग खेळ गवतात."

ते बरोबर होतं. पण माणूस एका गोष्टीत बरोबर असला म्हणून दुसरीत लपवत नसतो, असं नाही.

कारण तू गायब व्हायला लागलास. पंधरवड्यातून एखादा दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. जीप उभी, फोन बंद. दुसऱ्या दिवशी विचारलं की, "रेंज नव्हती." कुठे रेंज नव्हती? "वर." तेव्हा वापीच्या त्या कंपनीवाल्या क्लबाची बोलणी कानावर येत होती. त्यांचं दिव्यांचं मैदान, त्यांची बस, त्यांना हवा असलेला कोच. आपल्या गोलकीपरला त्यांनी आधीच विचारून झालं होतं. मी दोनात दोन मिळवले. माझ्या जागी कोणीही मिळवले असते.

आणि ती काठी. एक दिवस संध्याकाळी गोलपोस्टाला एक काठी टेकवलेली दिसली. हाताने गुळगुळीत झालेली, वरच्या टोकाला दोरीचा फास. तू ती बघितलीस, गुपचूप उचललीस आणि जीपमध्ये टाकलीस. दुसऱ्या दिवशी तू गायब. पुन्हा काही दिवसांनी काठी, पुन्हा तू गायब. आता सांग, यात काय समजायचं? माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, करणी आहे, हात लावू नको. मला करणी वाटली नाही. मला वाटलं, खूण आहे. वापीचा कोणी माणूस येऊन खूण ठेवतोय आणि तू त्याला भेटायला जातोयस. हसू नकोस. एक गोष्ट नीट सांगितली नाही की माणूस असंच काहीतरी जुळवतो.

त्या शनिवारी तू आलाच नाहीस. "कासाच्या दवाखान्यात जाऊन येतो, सराव तू घे," एवढाच निरोप. मी मनात म्हटलं, दवाखाना वापीचा असेल. रविवारी सकाळी लीगचे साहेब मैदान बघायला येणार होते. सराव संपवून मी पोस्टापाशी आले तर काठी तिथेच. मी ती उचलली आणि ओहोळात भिरकावून दिली. मी चुकले असं मी म्हणणार नाही. काठीचा अर्थ मला कोणी सांगितला होता?

रविवारी साहेबांना घेऊन आले तर अख्खं मैदान ढोरांनी भरलेलं. एरवी या वेळेला ती डोंगरावर पोचलेली असतात. एक म्हैस पेनल्टीच्या जागेवर बसलेली, दोन बैल मधल्या वर्तुळात शिंगाला शिंग लावून उभे. पोरं 'हट हट' करत पळत होती आणि ढोरं पोरांना हसत असल्यासारखी जागेवरच फिरत होती. साहेब बुटाकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे मैदान आहे की गोठा?" माझ्या डोक्यात एकच आलं. मामाने डाव साधला. आजचाच दिवस निवडला. मी जान्यामामाला जे बोलले ते सगळ्या पाड्याने ऐकलं.

तेवढ्यात तुझी जीप आली. तू उतरलास, ढोरांकडे बघितलंस, मग मामाकडे.

"आज तुमची बारी," मामा शांतपणे म्हणाला. "काठी ठेवली व्हती की खांबाला."

"काठी?" तू माझ्याकडे वळलास.

"टाकली मी. ओहोळात."

तू हसलास, देवजीदादा. साहेबांसमोर, मोसम बुडायच्या बेतात असताना, गुडघ्यावर हात ठेवून हसलास. मग जांभळाची एक फांदी मोडलीस आणि क्लबाच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी, असा सगळ्या गावची ढोरं हाकत डोंगराकडे निघालास. साहेबांनी विचारलं, "हे तुमचे कोच?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, पुन्हा कधीतरी येऊन बघतो. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी चारोटीला सोडताना जीपमध्ये आपण भांडलो ते भांडण अजून तसंच पडलंय. तू सांगितलंस तेव्हा कळलं. शेतात भात उभं आहे तोवर ढोरांना मोकळं सोडता येत नाही, म्हणून पाड्यातलं एकेक घर आळीपाळीने सगळ्या गावची ढोरं राखतं. ज्याची बारी असेल त्याच्या दाराला आदल्या संध्याकाळी आधीच्या घराचा माणूस काठी टेकवून जातो. बोलायचं नाही, विचारायचं नाही, काठी दिसली की समजायचं. आणि गोठणीवर हक्क कोणाचा, तर जी घरं बारी काढतात त्यांचा. तू मामाला सांगितलंस, आमचा क्लबही एक घर धरा. दार नव्हतं, म्हणून गोलपोस्ट.

"कोणाला विचारून?" मी ओरडले. "किनाऱ्यावरच्या पोरांनी कधी गाय हाकलीय? मी हाकलीय?"

"म्हणून तर मी जायचो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू कागद मागितला असतास. कागद मागितला का गाव म्हणतं, यांना विश्वास नाय, मग कशाला घर धरायचं?"

"आणि तू नसशील तेव्हा?"

तू गिअर बदललास. "तेवा बघू."

मी जीपचा दरवाजा आपटून उतरले. मी म्हटलं, तू सगळ्यांचा विश्वास धरतोस, फक्त माझा नाही. तू खिडकीतून हात बाहेर काढलास, काहीतरी म्हणालास, आणि मागून ट्रकने हॉर्न दिला. ते मला ऐकू आलं नाही. आठवडाही झाला नसेल, आणि तू नव्हतास. दवाखाना खरंच कासाचा होता, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तेही तू मला नीट सांगायला हवं होतंस. 'जाऊन येतो' म्हणजे काय? माणूस चप्पल शिवायलाही जाऊन येतो.

तर आता पुढचं ऐक. हे तुला सांगण्यासारखं दुसरं कोणी नाही.

तू गेल्यावर मी पोरांना सगळं सांगितलं. किनाऱ्यावरची दोघं म्हणाली, आम्ही फुटबॉल खेळायला आलोय, गुरं राखायला नाही, आणि वापीची वाट धरली. बाकीची थांबली. गोलकीपरने तर युट्यूबवर म्हैस कशी हाकायची ते बघून ठेवलं. मी कारखान्यात रजेचं बोलून ठेवलं. काठी दिसली की पहिल्या दिवशी मीच जाणार होते, साडी खोचून, जे होईल ते होईल म्हणून.

काठी आली नाही.

एक पंधरवडा गेला. मी रोज कोणाला तरी पोस्ट बघायला पाठवत होते. दुसऱ्यांच्या दाराला नवी काठी लागत होती, पोरांनी डोळ्यांनी बघितली. आमच्या पोस्टाला नाही. ढोरं मात्र वेळेवर जात होती, गवत तसंच बोटभर, कोणी आम्हाला खेळायला मनाई करत नव्हतं. आणि तेच मला खुपत होतं. भाचा गेला, घर गेलं, बारी काढून टाकली, आता एक दिवस इथेही कुलूप दिसणार. गोठणीला कुलूप लावता येत नाही हे मला कळत होतं, तरी दिसत होतं. शिवाय मी मामाला चारचौघांत काय काय बोलले होते. कुठल्या तोंडाने विचारणार? पण लीगच्या साहेबांचा फोन आला, येत्या रविवारी येतो म्हणाले. आता विचारणं भाग होतं.

काल गेले. जान्यामामा जांभळाखाली दोरी वळत बसला होता. तुझं नाक त्याच्यासारखं आहे हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच विचारलं, सगळं एका दमात. आमची बारी का काढली, आम्हाला घरातून काढलं का, जागा जाणार असेल तर आताच सांगा, साहेबांसमोर पुन्हा शोभा नको.

त्याने दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरून ठेवला.

"काढली कोणी?" तो म्हणाला. "मयताच्या घराला काठी ठेवीत नाय. त्या घराची बारी गाव काढतंय. तुमची बारी माझ्या पोरानं काढली, ढोरां घेऊन तोच गेला."

मी मयताच्या मांडवात पाहुण्यांच्या रांगेत बसले होते, देवजीदादा. वापीवाल्याच्या समोर. मी तिथे कोण म्हणून बसावं हेच मला कळलं नव्हतं, आणि इथे गावाने ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. कागदाशिवाय.

"रईवारी ढोरां लवकर सोडू," मामा म्हणाला. "साहेबाला सांग, ये म्हणावं." मग दोरी पुन्हा हातात घेत त्याने विचारलं, "बारी परत कवा लावू? घरातलं मोठं माणूस सांगल तवा लावायची."

मी मागे वळून बघितलं. मोठं माणूस म्हणून कोणीतरी जीपमधून उतरेल असं खरंच वाटलं मला. पोरं गवतात बुटांच्या नाड्या बांधत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"लावा, मामा," मी म्हटलं. "पण थोडे दिवस थांबा. आमच्या घरातलं माणूस गेलंय."